मी कोमीऽ, तो कोम्योऽ : स्पॅनिश भूतकाळाविषयी वाचकांचे प्रश्न

स्पॅनिश शिकणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बहुतेक एकाच जागी अडलेली आहेत, ती म्हणजे नियमित धातूंचा साधा भूतकाळ. म्हणून हे सदर पूर्णपणे त्यालाच दिलं आहे. वाचण्यापूर्वी एक खूण लक्षात ठेवा. ज्या अक्षरापुढे ‘ऽ’ आहे, त्या अक्षरावर जोर द्यायचा. उच्चार लॅटिन अमेरिकेतले घेतले आहेत, त्यामुळे स्पेनमध्ये जिथे ‘थ’च्या जवळचा आवाज ऐकू येतो तिथे आम्ही ‘स’ लिहिला आहे. त आणि द मात्र दोन्हीकडे आपल्यासारखेच दंत्य आहेत. ते इंग्रजी वळणाने ट-ड करू नका.

भूतकाळाची रूपं एकदम पाठ होत नाहीत. सुरुवात कुठून करावी? – वाचक, नाशिक

मूळ धातूची (रोमन लिपीतली) शेवटची दोन अक्षरं काढून टाका. आब्लाऽर (बोलणे) मधून ‘आर’ गेलं की ‘आब्ल्’ उरतं, कोमेऽर (खाणे) मधून ‘कोम्’ आणि बिबीऽर (राहणे, जगणे) मधून ‘बिब्’. उरलेल्या अंगाला प्रत्यय जोडायचे. धातूंचे गट तीन असले तरी प्रत्ययांचे संच दोनच आहेत, कारण ‘एर’ आणि ‘ईर’ गटांचे भूतकाळी प्रत्यय एकच आहेत.

‘आर’ गट :
मी – आब्लेऽ
तू – आब्लाऽस्ते
तो/ती – आब्लोऽ
आम्ही – आब्लाऽमोस
तुम्ही – आब्लाऽस्तेइस
ते/त्या – आब्लाऽरोन

‘एर’ आणि ‘ईर’ गट :
मी – कोमीऽ, बिबीऽ
तू – कोमीऽस्ते, बिबीऽस्ते
तो/ती – कोम्योऽ, बिब्योऽ
आम्ही – कोमीऽमोस, बिबीऽमोस
तुम्ही – कोमीऽस्तेइस, बिबीऽस्तेइस
ते/त्या – कोम्येऽरोन, बिब्येऽरोन

‘तुम्ही’चं रूप (बोसोऽत्रोसचं) स्पेनबाहेर जवळजवळ वापरलं जात नाही. लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही’ला उस्तेऽदेस म्हणतात आणि त्याच्यासोबत ‘ते’चं रूप येतं. एकाच व्यक्तीला आदराने बोलायचं असेल तर उस्तेऽद आणि ‘तो’चं रूप. म्हणजे लॅटिन अमेरिकेसाठी शिकत असाल तर सहाऐवजी पाचच रूपं घोटायची आहेत.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘मी’ आणि ‘तो’मध्ये होतो. वर्तमानकाळात शेवटचा ‘ओ’ ‘मी’चा असतो (आऽब्लो म्हणजे मी बोलतो), भूतकाळात तो ‘तो’कडे जातो. इथे मराठी सर्वनामंच मदतीला येतात. ‘मी’मध्ये ई आहे आणि ‘तो’मध्ये ओ : मी कोमीऽ, तो कोम्योऽ. मी बिबीऽ, तो बिब्योऽ. ‘आर’ गटात ‘मी’चं रूप ‘ए’वर संपतं, तेवढं वेगळं लक्षात ठेवा. ‘तो’चा ओ तिथेही कायम आहे.

‘कोम्योऽ’ दोन अक्षरांचा शब्द आहे. को-मि-ओ असा तीन तुकड्यांत म्हणू नका. आपलं जोडाक्षर ‘म्यो’ त्याला नेमकं बसतं.

‘मी पोळी खाल्ली’ आणि ‘मी आंबा खाल्ला’ यांत आपलं क्रियापद बदलतं. स्पॅनिशमध्ये कर्म स्त्रीलिंगी असेल तर क्रियापद कसं बदलायचं? – वाचक, कोल्हापूर

बदलायचंच नाही. मराठी माणसाला स्पॅनिश भूतकाळ जड जातो त्याचं मूळ याच प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठीत भूतकाळ आला आणि क्रियापद सकर्मक असलं की वाक्य बहुतेक वेळा कर्मणी प्रयोगात जातं. क्रियापद कर्त्याकडे पाठ फिरवून कर्माकडे बघतं : आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, पेढे खाल्ले, फळं खाल्ली. कोणी खाल्लं ते ‘त्याने’, ‘तिने’, ‘मुलांनी’ यांतून कळतं. स्पॅनिशमध्ये हे काहीच होत नाही. क्रियापद काळ कुठलाही असो कर्त्याचंच राहतं, म्हणजे कायमचा कर्तरी प्रयोग. मी आंबा, पोळी किंवा शंभर पेढे खाल्ले तरी क्रियापद ‘कोमीऽ’. तिने खाल्ले तर ‘कोम्योऽ’. कर्त्याला ‘ने’सारखा प्रत्ययही लागत नाही.

यातून दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली चूक अनेकवचनाची. ‘त्याने दोन आंबे खाल्ले’ म्हणताना मनात ‘खाल्ले’ हे अनेकवचन असतं, आणि तोंडून ‘कोम्येऽरोन दोस माऽन्गोस’ निघतं. ऐकणाऱ्याला मात्र कळतं की ‘त्यांनी’ दोन आंबे खाल्ले. हवं होतं ‘कोम्योऽ दोस माऽन्गोस’. दुसरी चूक लिंगाची. ‘तो बोलला’ आणि ‘ती बोलली’ दोन्हींना आब्लोऽच. काही जण ‘ती’साठी ‘आब्लाऽ’ असं रूप बनवतात, पण भूतकाळात असं रूप नाही. क्रियापदाच्या शेवटी लिंग दाखवायची मराठीची सवय इथे पूर्ण सोडून द्यावी लागते. सर्वनाम गाळलं तर बोलणारा पुरुष की बाई हे संदर्भावरूनच कळतं.

तिसरी चूक बारीक आहे, पण आपल्याकडे हमखास होते. मराठीत ‘तू’चा ‘स’ क्रियापदाला चिकटतो : बोललास, आलीस, पोळी खाल्लीस. (‘खाल्लीस’मध्ये ‘ली’ पोळीची आणि ‘स’ तुझा, इतकी गंमत एका शब्दात आहे.) स्पॅनिशमध्येही इतर काळांत ‘तू’च्या रूपाला शेवटी ‘स’ असतो : आऽब्लास, आब्लाऽबास, आब्लाराऽस. साधा भूतकाळ हा एकच अपवाद, तिथे ‘आब्लाऽस्ते’ एवढंच. दोन्ही भाषांच्या सवयीने ‘आब्लाऽस्तेस’ तोंडात येतं. मूळ स्पॅनिशभाषकही बोलताना हे कधी कधी म्हणतात, पण ते प्रमाण मानलं जात नाही आणि परीक्षेत चूकच धरली जाते.

सगळंच उलटं आहे असं समजू नका. ‘मला पुस्तक आवडलं’, ‘मला पुस्तकं आवडली’ ही रचना घ्या. आवडणारी वस्तू एकवचनी की अनेकवचनी यावर क्रियापद ठरतं. स्पॅनिशमध्ये अगदी तसंच : ‘मे गुस्तोऽ एल लीऽब्रो’, ‘मे गुस्ताऽरोन लोस लीऽब्रोस’. डोकं दुखलं, ‘मे दोल्योऽ ला काबेऽसा’. पाय दुखले, ‘मे दोल्येऽरोन लोस प्येस’. इंग्रजीतून विचार करणारा इथे धडपडतो. मराठीतून सरळ गेलात तर वाक्य आपोआप बरोबर येतं, फक्त लिंग विसरायचं.

आणखी एक ओळखीची जागा. ‘मी संग्रहालय पाहिलं’ पण ‘मी मावशीला पाहिलं’, म्हणजे कर्म माणूस असेल तर आपण ‘ला’ लावतो. स्पॅनिशमध्ये तिथे ‘आ’ येतो : ‘बिसितेऽ एल मुसेऽओ’ (संग्रहालयाला भेट दिली), ‘बिसितेऽ आ मी तीऽआ’ (मावशीला भेटायला गेलो). शेवटच्या वाक्यातलं ‘मी’ म्हणजे ‘माझी’, हेही एकदा मनाशी पक्कं करा.

सराव असा करा. ‘कोम्योऽ’ हे एकच रूप धरा आणि त्यापुढची वस्तू बदलत जा, एक आंबा, दोन आंबे, एक सफरचंद, सगळं जेवण. क्रियापदाला हात लावायचा नाही. दहा वाक्यांनंतर कर्ता बदला आणि पुन्हा त्याच दहा वस्तू. रूपांची तक्ता-पाठांतरं करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, कारण मोडायची आहे ती कर्माकडे बघण्याची सवय.

आऽब्लो आणि आब्लोऽ यांतला फरक ऐकू येतो, पण बोलताना माझ्याकडून पडत नाही. लिहितानाही डोक्यावरची रेघ कुठे द्यायची ते चुकतं. – विद्यार्थिनी, पुणे

मराठीत शब्दातल्या जोराने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो. स्पॅनिशमध्ये तेवढ्याने काळही बदलतो आणि माणूसही. हॉटेलात बिल आल्यावर ‘पाऽगो’ म्हणालात तर ‘पैसे मी देतो’. ‘पागोऽ’ म्हणालात तर ‘त्याने (किंवा तिने) पैसे दिले’. दोन्ही अक्षरं सपाट म्हटलीत तर समोरचा थांबून तुमच्याकडे बघतो. तसंच आब्लेऽ म्हणजे ‘मी बोललो’ आणि आऽब्ले म्हणजे आदराने ‘बोला’.

नियमित भूतकाळात जोर अंगावर कधीच येत नाही, कायम प्रत्ययावर येतो. वर्तमानकाळात तो बहुतेक रूपांत अंगावर असतो. म्हणून जोड्या करून म्हणा : काऽन्तो–कान्तोऽ, कोऽम्प्रो–कोम्प्रोऽ, त्राबाऽहो–त्राबाहोऽ. जोराचं अक्षर थोडं लांबवा आणि आवाज किंचित वर न्या. ओरडू नका. पहिल्या अक्षरावर जोर असेल तेव्हा एक टाळी आधी, शेवटच्यावर असेल तेव्हा शेवटी. मुलांचा खेळ वाटेल, पण जिभेला जोराची जागा अशीच सापडते.

लिहिण्याचा नियम सोपा आहे. स्वर, ‘एन’ किंवा ‘एस’ यांनी संपणाऱ्या शब्दात जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो आणि त्याला खूण लागत नाही. आब्लाऽस्ते, आब्लाऽमोस, आब्लाऽरोन या सगळ्यांत तसंच आहे, म्हणून रेघ नाही. आब्लेऽ, आब्लोऽ, कोमीऽ, कोम्योऽ यांत जोर शेवटच्या स्वरावर सरकला, म्हणून रेघ (टिल्दे) हवी. थोडक्यात, ‘मी’ आणि ‘तो’ या दोन रूपांनाच रेघ. फोनवर तो स्वर दाबून धरला की रेघवाला स्वर समोर येतो.

जुन्या पुस्तकांवर शिकत असाल तर दोन गोष्टी खटकतील. बेर (पाहणे) या धातूच्या ‘ब्यो’ (त्याने पाहिलं) या एकाक्षरी रूपावर पूर्वी रेघ देत. स्पॅनिश अकादमीच्या १९५२च्या नियमांत ती काढली आणि १९५९पासून ते नियम बंधनकारक झाले. दुसरं, क्रिआर (वाढवणे, संगोपन करणे), गिआर (वाट दाखवणे) यांसारख्या नियमित धातूंची ‘मी’ आणि ‘तो’ची रूपं २०१०च्या नियमांपासून रेघेविना लिहितात, उच्चार करताना तुम्ही दोन अक्षरं केलीत तरीही.

‘बुस्काऽर’चं भूतकाळी रूप पुस्तकात वेगळ्याच स्पेलिंगने दिलंय. मग हा धातू नियमित कसा? – वाचक, नागपूर

उच्चार नियमितच आहे, बदलतं ते फक्त स्पेलिंग. देवनागरीत लिहिलं तर बदल दिसणारसुद्धा नाही : बुस्काऽर, बुस्केऽ (मी शोधलं). रोमन लिपीत ‘सी’ हे अक्षर ‘ए’ आणि ‘इ’पूर्वी ‘स’ होतं. सी तसाच ठेवला तर शब्द ‘बुसेऽ’ वाचला जाईल. ‘क’ टिकवायचा म्हणून सीच्या जागी ‘क्यू-यू’ लिहितात. येगाऽर (पोहोचणे) मध्ये ‘जी’ आहे आणि तो ‘ए’पूर्वी ‘ह’ होतो, म्हणून ‘येगेऽ’ लिहिताना जीनंतर ‘यू’ घालतात. तो यू उच्चारायचा नाही, ‘येग्वे’ म्हणू नका. एम्पेसाऽर (सुरू करणे) मधला ‘झेड’ ‘एम्पेसेऽ’मध्ये ‘सी’ होतो, कारण स्पॅनिशमध्ये ‘ए’पूर्वी सहसा झेड लिहीत नाहीत.

हा बदल फक्त ‘मी’च्या रूपात होतो. प्रत्यय ‘ए’ने सुरू होणारं ते एकच रूप आहे. बाकी पाचांना हात लावू नका. पागाऽर (पैसे देणे), हुगाऽर (खेळणे), तोकाऽर (स्पर्श करणे, वाजवणे), आल्मोर्साऽर (दुपारचं जेवणे) हे रोजचे धातू याच रांगेतले.

याच्याच शेजारी लेएऽर (वाचणे) ठेवा. ‘तो’चं रूप नियमाने ‘ले-इओ’ व्हायला हवं, पण दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘इ’ ‘य’ होतो : लेयोऽ, लेयेऽरोन. आपण ‘गाई’चं ‘गायी’, ‘सोई’चं ‘सोयी’ करतो तीच जिभेची ओढ. क्रेएऽर, काएऽर, ओईऽर, कोन्स्त्रुईऽर यांचंही तसंच : क्रेयोऽ, कायोऽ, ओयोऽ, कोन्स्त्रुयोऽ. लेईऽस्ते आणि लेईऽमोस यांत ‘इ’वर रेघ द्यायला विसरू नका.

वर्तमानकाळात ‘प्येऽन्सो’, मग भूतकाळात ‘पेन्सेऽ’ का? – वाचक, छत्रपती संभाजीनगर

जोरामुळे. ‘ए’चा ‘ये’ आणि ‘ओ’चा ‘वे’ होतो तो जोर अंगावर असतो तेव्हा. भूतकाळात जोर प्रत्ययावर गेला, अंग हलकं झालं, मूळ स्वर परत आला : प्येऽन्सो–पेन्सेऽ (विचार केला), ब्वेऽल्बो–बोल्बीऽ (परतलो), स्येऽर्रो–सेर्रेऽ (बंद केलं). ‘आर’ आणि ‘एर’ गटांतल्या, भूतकाळी प्रत्यय नियमित असलेल्या धातूंना हे निर्धास्त वापरा. ‘ईर’ गटात मात्र असे अंग बदलणारे धातू ‘तो’ आणि ‘ते’ या रूपांत वेगळा बदल करतात : पेदीऽर (मागणे) – पेदीऽ पण पिद्योऽ, पिद्येऽरोन. दोर्मीऽर (झोपणे) – दोर्मीऽ पण दुर्म्योऽ, दुर्म्येऽरोन. ही दोन पाठ झाली की बाकीचे त्यांच्या मागे येतात.

एका पुस्तकात या काळाला ‘इंदेफिनीदो’, दुसऱ्यात ‘पेर्फेक्तो सिंप्ले’ आणि मेक्सिकोच्या पुस्तकात नुसतं ‘प्रेतेरितो’ म्हटलंय. हे तीन काळ आहेत का? – वाचिका, ठाणे

एकच आहे. स्पॅनिश अकादमीच्या २००९च्या मोठ्या व्याकरणात त्याला ‘प्रेतेरितो पेर्फेक्तो सिंप्ले’ म्हटलं आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत ‘इंदेफिनीदो’ हे जुनं नाव अजून सर्रास चालतं. नुसतं ‘प्रेतेरितो’ हे आंद्रेस बेयो यांनी १८४७ साली सांतियागो दे चिले इथे प्रसिद्ध केलेल्या व्याकरणातलं नाव. अमेरिका खंडातल्या शाळांत त्याची परंपरा टिकून आहे. त्याच परंपरेत अपूर्ण भूतकाळाला ‘कोप्रेतेरितो’ म्हणतात. पुस्तक बदललं तर आधी ‘मी बोललो’ला त्यात काय म्हटलंय ते बघा, नावाचा घोळ तिथेच मिटतो.

‘मी बोललो’ आणि ‘मी बोलत होतो’ यांसाठी स्पॅनिशमध्ये दोन काळ आहेत, इथवर कळलं. पण निबंधात निम्म्या जागी चुकीचा काळ पडतो. – देले या स्पॅनिश प्रमाणपत्र परीक्षेच्या ए-२ पातळीची तयारी करणारा वाचक, मुंबई

शाळेतलं मराठी व्याकरण आठवा : साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती भूतकाळ. बोललो, बोलत होतो, बोललो होतो, बोलत असे (बोलीत ‘बोलायचो’). स्पॅनिशमध्ये साध्या भूतकाळासाठी आब्लेऽ, आणि अपूर्ण व रीती या दोघांसाठी मिळून एकच रूप, आब्लाऽबा. ‘एर’ आणि ‘ईर’ गटांत ते कोमीऽआ, बिबीऽआ होतं. ‘मी रोज पोहायचो’ असं ‘-आयचो’ लावून वाक्य बसत असेल तर डोळे मिटून ‘नादाऽबा’. ‘काल पोहलो’ असेल तर ‘नादेऽ’. ही कसोटी बऱ्याच ठिकाणी चालते, पण तीन ठिकाणी मराठी दगा देते. तुमचे निम्मे गुण तिथेच जात असतील.

पहिली जागा मोजलेल्या काळाची. ‘रात्रभर पाऊस पडत होता’ हे अगदी सहज मराठी आहे. स्पॅनिशमध्ये ‘योब्योऽ तोऽदा ला नोऽचे’, म्हणजे साधा भूतकाळ. रात्र सुरू झाली, संपली, पाऊस त्या चौकटीत मावला. ‘मी तीन वर्षं माद्रिदला राहत होतो’ हेही ‘बिबीऽ त्रेस आऽन्योस एन माद्रीऽद’. किती वर्षं, किती तास, किती वेळा असं मोजून संपवलेलं काम असेल तर साधा भूतकाळ घ्या, क्रिया कितीही लांबलेली असो. ‘चार वेळा फोन केला’ म्हणजे ‘यामेऽ क्वाऽत्रो बेऽसेस’. याच कारणाने ‘रोज’ हा शब्द दिसला की लगेच आब्लाऽबा लावू नका. ‘लहानपणी रोज पोहायचो’ला नादाऽबा, पण ‘मागच्या आठवड्यात रोज पोहलो’ला नादेऽ. आठवडा संपलेला आहे, दिवस मोजलेले आहेत.

उलट ‘मी बाहेर पडलो तेव्हा पाऊस पडत होता’ यात पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला याच्याशी कथनाचा संबंध नाही. तो मागचा पडदा आहे. तिथे योबीऽआ.

दुसरी जागा पूर्ण भूतकाळाची. आपण ‘मागच्या वर्षी गाडी घेतली होती’, ‘काल बाजारात भाजी घेतली होती’ असं सहज बोलतो. ‘होती’ने गोष्ट जरा मागे ढकलली जाते इतकंच. स्पॅनिशमध्ये शब्दशः ‘आबीऽआ कोम्प्राऽदो’ केलंत तर ऐकणारा वाट बघत राहतो : हे आधी घडलं, मग पुढे काय झालं? तिथे साधाच हवा : ‘एल आऽन्यो पासाऽदो कोम्प्राऽमोस उन कोऽचे’. ‘आबीऽआ’ तेव्हाच काढा, जेव्हा भूतकाळातल्या दुसऱ्या घटनेच्या आधी काही घडून गेलं असेल. ‘मी पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ हे खरं उदाहरण.

तिसरी जागा काही धातूंची. कोनोसेऽर म्हणजे ओळखणे. ‘कोनोसीऽआ आ आऽना’ म्हणजे ‘मी आनाला ओळखत होतो’, पण ‘कोनोसीऽ आ आऽना एन २०१९’ म्हणजे ‘२०१९ साली माझी आनाशी ओळख झाली’. मराठीत आपण दोन वेगळ्या रचना वापरतो, स्पॅनिश काळ बदलून तेच काम करते.

निबंधात येतो तसा एक तुकडा घेऊ. ‘काल घरी पोहोचलो. आठ वाजले होते. पाऊस पडत होता. आईने दार उघडलं. आजोबा टीव्ही बघत होते. आम्ही जेवलो.’

आयेऽर येगेऽ आ काऽसा. एऽरान लास ओऽचो. योबीऽआ. मी माऽद्रे आब्र्योऽ ला प्वेऽर्ता. मी आब्वेऽलो मिराऽबा ला तेलेबिस्योऽन. सेनाऽमोस.

सहा वाक्यांत घटना तीनच : पोहोचणं, दार उघडणं, जेवणं. त्या साध्या भूतकाळात. घड्याळ, पाऊस, आजोबा हा देखावा, तो अपूर्ण भूतकाळात. ‘वाजले होते’ हे मराठीत पूर्ण भूतकाळी दिसतं, पण स्पॅनिशमध्ये घड्याळाची वेळ सांगताना नेहमी ‘एऽरान’ (एकच्या वेळेला ‘एऽरा’). लिहून झाल्यावर नुसती घटनांची वाक्यं सलग वाचा. गोष्ट पुढे सरकत असेल तर काळ बरोबर पडले आहेत.

इथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट येते. सेनाऽमोस (आम्ही जेवलो) आणि ‘आम्ही जेवतो’ ही दोन्ही रूपं एकसारखीच आहेत. ‘आर’ आणि नियमित ‘ईर’ गटांत ‘आम्ही’चं वर्तमान आणि भूत एकच : आब्लाऽमोस, बिबीऽमोस. ‘एर’ गटात फरक राहतो : कोमेऽमोस–कोमीऽमोस. म्हणून वाक्यात आयेऽर (काल), आनोऽचे (काल रात्री) असा शब्द असू द्या.

‘खाऊन टाकलं’ला काय म्हणायचं असंही याच वाचकाने पुढे विचारलं आहे. ‘मे कोमीऽ एल माऽन्गो’. ‘मे’ लावल्याने आंबा सगळाच्या सगळा संपवल्याचा भाव येतो, तो आपल्या ‘टाकणे’च्या फार जवळ आहे. पण वस्तू ठरलेली हवी. नुसतं ‘आंबे खाल्ले’ असेल तर ‘मे’ नको.

कंपनीतर्फे मेक्सिकोला जायचंय, पण शिकलो स्पेनच्या पुस्तकावर. ‘आज जेवलो’ कसं म्हणू? – वाचक, पिंपरी

स्पेनच्या बहुतेक भागांत आज, या आठवड्यात, यंदा असा न संपलेला काळ असेल तर ‘ओय ए कोमीऽदो’ म्हणतात. मेक्सिकोत ‘ओय कोमीऽ’. (स्पेनमध्येही गालीसिया, आस्तुरियास आणि कॅनरी बेटांवर साध्या रूपाकडे कल असतो.) ‘काल’, ‘मागच्या वर्षी’ यांच्यासोबत दोन्हीकडे साधा भूतकाळच. मराठीला मेक्सिकोची पद्धत जवळची आहे. ‘जेवलास का?’ला तिथे ‘या कोमीऽस्ते?’ असंच विचारतात, एकास एक. तुमचं ‘ए कोमीऽदो’ तिथे समजेल, फक्त परकं वाटेल. एक फायदाही आहे : एस्क्रिबीऽर (लिहिणे), आब्रीऽर (उघडणे) यांची ‘ए’सोबतची रूपं अनियमित आहेत (एस्क्रीऽतो, आब्येऽर्तो), पण साध्या भूतकाळात दोन्ही सरळ चालतात : एस्क्रिबीऽ, आब्रीऽ.

गोव्यात आमच्या घरी वडीलधारी पोर्तुगीज बोलतात. त्यामुळे माझ्या स्पॅनिश भूतकाळात पोर्तुगीज शिरतं. – वाचक, मडगाव

भाषा सख्ख्या शेजारणी असल्या की असं होणारच. पोर्तुगीजमध्ये ‘तो’चं रूप ‘ओउ’, ‘एउ’, ‘इउ’वर संपतं (फालोउ, कोमेउ), स्पॅनिशमध्ये ‘ओऽ’ आणि ‘योऽ’वर. तुमच्या चुका बहुधा याच रूपात असतील, आधी तेच घोटा. पोर्तुगीजमध्ये ‘एर’ आणि ‘ईर’ गट भूतकाळातही वेगळे राहतात (तू कोमेस्ते, पण पार्तिस्ते), स्पॅनिशमध्ये ते एकत्र येतात : कोमीऽस्ते, पार्तीऽस्ते. ‘मी’चं ‘कोमी’ मात्र दोन्हीकडे सारखं आहे.

मेक्सिकन मैत्रिणीने फोनवर हाक मारली, मी ‘आलेच!’ म्हणायला ‘या येगेऽ’ म्हणाले. ती दार उघडून बघायला गेली. काय चुकलं? – वाचिका, सोलापूर

मराठीत ‘आलो’, ‘निघालो’, ‘हे बघ, केलंच’ ही भूतकाळी रूपं अजून न झालेल्या कामाला वापरतात. काम जणू झालंच, असा भरवसा त्यात असतो. स्पॅनिश साधा भूतकाळ असा उसना देता येत नाही. ‘या येगेऽ’ म्हणजे मी पोहोचले, दाराशी आहे. ती दार उघडायला गेली हे अगदी बरोबर. ‘आलेच’ला ‘या बोय’, वर्तमानकाळ. ‘आता निघतेच’ला ‘या साऽल्गो’. पोहोचल्यावर मग ‘या येगेऽ’ म्हणा.